गाणं बंद होतं तेव्हा: कुमार गंधर्व, देवास आणि माझी एक अडलेली चाल

हौशी नाटकांना चाली लावणं हा माझा संध्याकाळचा उद्योग. दिवसा नोकरी, सहानंतर पेटी. राज्य नाट्य स्पर्धेचा मोसम जवळ आला की सांगली-मिरजेच्या पट्ट्यात पदं असलेलं एखादं तरी नाटक उभं राहतं आणि दिग्दर्शक कागद घेऊन माझ्या दारात येतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद आला. पदं पाच, त्यातलं एक जात्यावरचं. चार पदं कशीबशी उरकली (कशी ते विचारू नका). पाचवं अडलं ते अडलंच.

अडलं म्हणजे काही सुचत नव्हतं, असं नाही. भरपूर सुचत होतं आणि तीच पंचाईत होती. काळी दोनमध्ये षड्ज धरून पहिली ओळ म्हटली की चाल हजर. दुसऱ्या ओळीला लक्षात यायचं की ही रेडिओवरच्या कुठल्याशा भावगीतातली आहे. ती पुसून दुसरी लावावी तर ती भजनातून आलेली. तिसरी माझ्याच सहा वर्षांपूर्वीच्या नाटकातली, म्हणजे स्वतःच्या घरात चोरी. तालमीतली एक मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, “सर, मस्त आहे, लगेच पाठ होते, कारण आधीच येते.” त्या रात्री मी पेटीवर कापड टाकलं ते तीन महिने काढलं नाही. नाटक चार पदांवर झालं.

या तीन महिन्यांत भेटेल त्याने मला कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. ती आपल्याकडे तोंडपाठ आहे: क्षय झाला, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, देवासला पाच वर्षं खाटेवर काढली, खिडकीतून माळव्याची लोकगीतं आत आली आणि खाटेवरून उठले ते नवेच कुमार गंधर्व. ऐकायला सुंदर. पण अडलेल्या माणसाच्या हाती तिच्यातून काही लागत नाही. खाट आहे, खिडकी आहे, मधलं काम कुठं आहे? आजार हे काही औषध नव्हे. नाहीतर मिरजेच्या सॅनेटोरियममधून दर साली दहा गवई बाहेर पडले असते.

म्हणून मी ती गोष्ट प्रकरणासारखी उलगडून मांडली. आधी काय स्थिती होती, नेमकं काय बंद पडलं, काय चालू राहिलं आणि किती वर्षं लागली. काही निष्कर्ष माझे आहेत. तिथं तसं म्हटलं आहे.

तबकडीसारखा मुलगा

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घर कानडी, लिंगायत, वडील स्वतः गाणारे. मुलाला कुणी समोर बसवून ‘सा’ लावायला शिकवला नव्हता. तरी एक दिवस तो गायला लागला आणि गायला तो नामवंत गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या जशाच्या तशा. हरकत तीच, मुरकी तीच, दम घ्यायची जागासुद्धा तीच. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्या कोवळ्या वयात एका मठाधिपतींनी दिली आणि जन्मनाव मागे पडलं. वडिलांनी मुलाला घेऊन गावोगाव जलसे केले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि जाणकारांची सभा थक्क झाली.

मग तो प्रा. बी. आर. देवधरांकडे राहिला, ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या संगीत विद्यालयात. देवधर मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य खरे, पण एकाच घराण्याच्या खुंट्याला बांधून घेणारे नव्हते. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांचा अभ्यास होता आणि निरनिराळ्या उस्तादांना ऐकणं, त्यांच्याकडून बंदिशी मिळवणं हे त्यांचं व्यसन होतं. विष्णु दिगंबरांच्या परंपरेत स्वरलिपीला मान होता, म्हणजे ऐकलेलं कागदावर उतरवायची शिस्त या विद्यालयात होतीच. पुढच्या घटनांसाठी हे ध्यानात ठेवावं लागेल. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना तालीम मिळाली. विशीत ते त्याच विद्यालयात शिकवत होते आणि मैफलींत त्यांचं नाव झालं होतं.

इथं थोडा थांबतो, कारण माझ्या मते प्रकरणाची खरी सुरुवात इथं आहे, आजारात नाही. ज्याच्या कानावर पडलेलं सगळं त्याच दिवशी गळ्यातून बाहेर येतं, त्याच्याबद्दल एक अवघड प्रश्न उरतो: या गळ्याचं स्वतःचं काय? लोक अशा मुलाला चमत्कार म्हणतात. पण चमत्कार करणाऱ्याला रोज नवा चमत्कार दाखवावा लागतो, आणि नकलेची हातोटी जितकी पक्की, तितकी तिच्यातून सुटका कठीण. देवधरांकडे या मुलाला बारा वर्षं पायावर उभं करायचं काम झालं हे खरं. तरी इतक्या गायक्या गळ्यात साठलेल्या माणसाला आपली वाट शोधायला उसंत कधी मिळणार होती? एका मैफलीतून दुसरीत जाताना ती मिळत नाही.

माझी पाचव्या पदाची पंचाईत याच जातीची, फक्त फार छोट्या आकाराची. माझ्या गळ्यात उस्ताद नव्हते, विविध भारती होती.

३० जानेवारी १९४८

१९४७ मध्ये कुमारांचं भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं. त्याही देवधरांच्याच विद्यार्थिनी. त्याच वर्षाच्या अखेरीस फुफ्फुसाचा क्षय निघाला. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जायचं ठरलं आणि माळव्यातलं देवास निवडलं गेलं. ते तिथं पोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८. संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे कुमारांनी गांधी मल्हार नावाचा राग बांधला, तो ऐकताना ही तारीख आठवल्याशिवाय राहत नाही.

क्षयाचा त्या काळचा उपचार आमच्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. मिरज आणि सांगलीच्या मधोमध वानलेसवाडीचं सॅनेटोरियम होतं. पेशंटने पडून राहायचं, कोरडी मोकळी हवा, दूध-अंडी, आणि वाट बघायची. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडलं होतं, पण हिंदुस्थानातल्या सामान्य घरात ते पोचायला वेळ लागला. तोवर फुफ्फुसाला विश्रांती हाच इलाज. गवयाच्या बाबतीत त्याचा अर्थ उघड होता. गायचं नाही.

देवास म्हणजे काही ओसाड गाव नव्हतं. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती, त्यामुळे मराठी घरं, मराठी बोलणं, सणवार सगळं होतं. रजब अली खाँसारखा दांडगा गवई तिथं राहत होता. गावावर चामुंडा मातेची टेकडी. रात्री गार, हवा हलकी. माळव्याच्या रात्रीचं कौतुक उर्दू शायरांपर्यंत गेलेलं आहे, आणि ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण तिथं आजही ऐकू येते. तेवीस-चोवीस वर्षांचा माणूस अशा ठिकाणी पडून राहिला.

आता नेमकं काय बंद पडलं ते बघू. बाहेरच्याला वाटतं, मैफली बंद पडल्या. मैफली ही त्यातली छोटी बाब. गवई गळ्यानेच विचार करतो. एखादा राग कसा आहे हे त्याला ‘कळतं’ ते गाऊन बघताना, सुताराला लाकूड रंधा मारताना कळतं तसं. रियाज बंद म्हणजे त्याचा रंधाच काढून घेतला. शिवाय कुमारांपुरती आणखी एक गोष्ट बंद झाली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऐकलं की लगेच गळ्यातून काढून दाखवायची सोय गेली. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असावं की कानावर पडलेली गोष्ट आतच राहिली. ती परत करता येत नाही, तेव्हा माणूस ती उलटीपालटी करून बघतो. कुठून उठली, कशावर टेकली, कुठं वळली. नक्कल करणाऱ्याला हे बघावंच लागत नाही. त्याचा गळा परस्पर काम उरकतो.

हा माझा तर्क आहे. पण पुढे त्यांनी जे केलं ते बघता तो फार लांबचा वाटत नाही.

खिडकीतून काय येत होतं

लोकगीतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आकाशवाणीचा कार्यक्रम येतो. खाटेवरच्या माणसाला ऐकू येतं ते तसं नसतं. ते तुकड्यातुकड्यांनी येतं. लग्नघरातल्या बायका ओळ उचलतात आणि वारा फिरला की अर्धी ओळ गायब. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढून संध्याकाळी गाणी म्हणतात. आमच्या खानदेशातली गुलाबाई आठवावी, अगदी सख्खी बहीण. पाऊस लांबला की वेगळी गाणी, आला की वेगळी. दळताना, पाळणा हलवताना, मेल्यावर. भीक मागत जाणारा जोगी एक ओळ दारात म्हणतो, दुसरी शेजारच्या दारात.

देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथं नाथपंथी जोगी येत-जात आणि निर्गुणी भजनं म्हणत. त्यांची गायची तऱ्हा आपल्या अभंगासारखी भरलेली, गोड नाही. आवाज एकदम पुढं फेकायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, जणू पलीकडे कुणी नाहीच. नंतर कुमारांचा कबीर ऐकताना अंगावर येते ती हीच फेक. ज्यांनी ‘सुनता है गुरु ग्यानी’ त्यांच्या आवाजात ऐकलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

हे सगळं त्या गावातल्या हजारो लोकांना ऐकू येत होतं. मैफलीच्या गवयांनाही येत असणार, पण त्यांच्या लेखी ते गाणं नव्हतं, गल्लीतला आवाज होता. कुमार आणि भानुमतीबाईंनी पुढे तब्येत सावरत गेली तशी ही गीतं मिळवली, शब्द आणि धुना टिपून ठेवल्या. देवधरांकडची ती स्वरलिपीची शिस्त इथं कामी आली. गोष्टीत लोक ‘प्रेरणा मिळाली’ म्हणतात त्या जागी प्रत्यक्षात वह्या आहेत.

चार स्वरांचा कायदा

त्या वह्यांतून त्यांनी जे काढलं त्याला त्यांनीच नाव दिलं: धुनउगम राग. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यातली काही नावं. यामागचा विचार असा की राग काही आकाशातून पडलेले नाहीत, ते लोकधुनांतूनच वाढलेले आहेत. मग आजच्या धुनेतूनही राग वाढू शकेल. म्हणायला सोपं. करायला काय लागतं, ते जवळून बघू, कारण अडलेल्या माणसाला उपयोगी पडेल असं या प्रकरणात जे आहे ते इथं आहे.

बहुतेक लोकधून चार-पाच स्वरांत संपते. समजा जात्यावरची एक ओवी आहे, तिचा सगळा पसारा सा ते म एवढाच. वरवर ऐकलं तर बाळबोध. पण चारदा नीट ऐकली की तिच्यात कायदा दिसायला लागतो. ती सा वरून सुरू होत नाही, रे वरून होते. चढताना ग ला हात न लावता थेट म वर जाते. ग घेते ती फक्त उतरताना, आणि तिथं क्षणभर रेंगाळते. मग रे ला नुसता स्पर्श करून सा वर येऊन बसते. म्हणजे एवढ्याशा जागेत चढाची वाट वेगळी, उताराची वेगळी, टेकायचे स्वर ठरलेले, उडते स्वर ठरलेले. रागाला आणखी काय लागतं?

लागतं ते वरचं अर्धं घर. ओवी मध्यमाच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथं प, ध, नि कसे लागतील हे ती सांगत नाही. इथं गवयाचं काम सुरू होतं. खाली चढताना ग टाळला आहे, तर वर चढताना त्याच्या जोडीचा नि टाळायचा का? उतरताना तिथंही तसंच रेंगाळायचं का? एक उत्तर चुकीचं निघालं की ओवी हरवते आणि आधीचाच कुठला तरी प्रसिद्ध राग घरात शिरतो. मग परत खाली यायचं, मूळ धून ऐकायची. हे काम आठवड्यात होत नाही. मला चार स्वरांचं हे एवढं लिहायला पंधरा दिवस लागले, आणि वरचं अर्धं घर अजून रिकामंच आहे.

एक लक्षात घ्या, यात ‘नवीन काहीतरी काढू’ असा खटाटोप कुठंच नाही. लक्ष सगळं त्या जुन्या, दुसऱ्याच्या गोष्टीवर आहे. तबकडी ऐकणाऱ्या मुलाचंही लक्ष दुसऱ्याच्याच गाण्यावर होतं. पण तबकडीतून त्याने घेतला तो आवाज, आणि माळव्याकडून घेतला तो कायदा. आवाज घेतला की नक्कल होते. कायदा घेतला तर त्यातून मालवती होते.

फुफ्फुसाचा वाद

१९५२च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनचे उपचार मिळाले, आणि १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं. लोकांनी जे ऐकलं त्याने अर्धे वेडावले आणि अर्धे रागावले. लांबलचक, ठाय म्हणजे संथ लयीची, जिन्यासारखी एकेक पायरी चढत जाणारी आलापी नाही. त्याऐवजी छोटे, धारदार तुकडे. मध्ये शांतता. कुजबुजीइतका बारीक स्वर, आणि अचानक पूर्ण ताकदीने लागलेला तार षड्ज. बंदिशीचा शब्द नुसता स्वरांना टांगायचा खुंटा नव्हे, त्याला अर्थ आहे हे ऐकणाऱ्याला जाणवावं अशी मांडणी. तानपुरे तर असे लागलेले की गाणं सुरू व्हायच्या आधीच माणूस गप्प व्हावा.

‘दम नाही म्हणून तुकडे’ हे स्पष्टीकरण तेव्हापासून चालत आलं आहे. मला ते अर्धंच पटतं. श्वास कमी होता हे खरं, आणि शरीर जे देत नाही त्याच्याशी जुळवून घ्यावंच लागतं. पण श्वास कमी असलेले गवई पुष्कळ झाले, बहुतेकांनी लांब आलापी थोडी आखूड करून गायली, एवढंच. इथं आखूडपणाचा वेगळा उपयोग झाला. जोग्याची फेकही तुटक असते आणि संजेचं गाणंही तुकड्यांत येतं. पाच वर्षं जे कानांवर पडलं तेच मुळात असं होतं. फुफ्फुसाने तुकड्यांची सक्ती केली, आणि त्या तुकड्यांत काय भरायचं ते कानांनी आधीच जमवलेलं होतं. दोन्ही एका वेळी हाताशी होतं म्हणून गाणं झालं. नुसती सक्ती असती तर दुबळं गाणं झालं असतं, आणि नुसता साठा असता तर कदाचित लोकगीतांचा एक चांगला संग्रह.

या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची आहे. नंतरच्या काळात कुमारांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला. बालगंधर्व म्हणजे महाराष्ट्रात नकलेला सर्वांत मोकळं रान. आजही गल्लोगल्ली ती लाडिक लय कुणीतरी घेत असतंच. लहानपणी तबकड्या हुबेहूब गाणाऱ्याला ते काय अवघड होतं? कार्यक्रमाचं नाव होतं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातल्या ‘उमजलेले’ या एका शब्दात सुळेभावीपासून देवासपर्यंतचा रस्ता आला.

गोष्ट सांगताना जे गाळतात

पहिलं, पैसे. पाच वर्षं एक माणूस कमावत नव्हता तेव्हा घर चालत होतं ते भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी केली म्हणून. शुश्रूषाही त्यांचीच. स्वतः गाणाऱ्या बाईने हे केलं. त्यांच्या गाण्याचं त्या पाच वर्षांत काय झालं, यावर कुणी गोष्ट सांगत नाही. मला वाटतं सांगायला हवी. ‘काही दिवस सगळं सोडून दे, आपोआप सुचेल,’ असा सल्ला देणाऱ्याने त्या दिवसांचं वाणसामान कोण भरणार हेही सांगावं.

दुसरं, औषध. स्ट्रेप्टोमायसिन आणखी पाच वर्षं उशिरा मिळालं असतं, तर कदाचित आज माळव्याच्या वह्या एखाद्या ट्रंकेत असत्या.

तिसरं, वेळ. आपण म्हणतो ‘उठले आणि नवे झाले’. १९५३ मध्ये पुनरागमन झालं. स्वतःच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक मौज प्रकाशनाने काढलं ते १९६५ मध्ये. देवासला पोचल्यापासून सतरा वर्षं. माळव्याची लोकगीतं, ऋतूंवरचे कार्यक्रम, निर्गुणी भजनं हे सगळं एका दमात नाही, वर्षावर्षाने बाहेर येत गेलं. खाटेवर पेरलेलं विसाव्या वर्षापर्यंत उगवत होतं. आणि मध्येच १९६१ साली, दुसऱ्या बाळंतपणात, भानुमतीबाई गेल्या. कोसळायला याहून मोठं कारण कोणतं हवं? पण या वेळी गाणं थांबलं नाही. देवासच्या घराचं नाव मात्र भानुकुल आहे.

चौथं, सोबत. देवास-इंदूरकडे राहुल बारपुतेंसारखा संपादक, गुरुजी विष्णु चिंचाळकरांसारखा चित्रकार, असे मित्र होते. हे काही गवयी नव्हते. गाण्याच्या जगाबाहेरचे कान जवळ असणं, हे अडलेल्या माणसाला फार लागतं. गवयांच्या गोतावळ्यात बसलं की बोलणं पुन्हा घराण्यांवर येतं.

आत्याचं जातं

एवढं मांडून झाल्यावर माझ्या पाचव्या पदाकडे परत जाणं भाग होतं. मला देवास नव्हतं, पण तासगावकडच्या खेड्यात आत्या होती. वय ऐंशीच्या घरात. ओव्यांसाठी गावात तिचं नाव होतं. मी फोनवर रेकॉर्डिंग लावून तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, “आत्या, जात्यावरची म्हण की एखादी.”

ती बसून राहिली. दोन शब्द म्हणाली, थांबली, हसली. “कशी म्हणू? हात रिकामाच हाय.”

मी ते लाजणं समजलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी भाच्याने जिन्याखालचं जातं ओढून काढलं, धुतलं, वाळवलं. खुंटा सैल झाला होता तो कापडाची चिंधी गुंडाळून ठोकला. आत्या पाय पसरून बसली, खुंट्याला हात घातला, आणि पहिला फेरा पुरा व्हायच्या आत ओवी आली. मागे कुणी उभं राहून ढकलावं तशी. एकामागे एक अकरा झाल्या. मी मोजल्या.

घरी येऊन मी त्या चारदा ऐकल्या, मग चाळीसदा. वर लिहिलेला तो कायदा तिच्याच ओवीचा आहे: रे वरून उठाव, ग उतरताना, शेवटी सा. ग वर जो मुक्काम होता त्यावर मी फार खूश होतो. तिथंच ओवीचा जीव आहे असं मला वाटलं. मी पदाची सगळी चाल त्या मुक्कामाभोवती बांधली. वीस वर्षांत इतकी माझी वाटलेली चाल दुसरी झाली नव्हती. पेटी गाडीत घालून आत्याला ऐकवायला गेलो.

तिने पूर्ण ऐकलं. भाच्याला विचारलं, “ही कुटली रं?”

“तुझीच की गं.”

“माजी न्हवं ही.” मग थोडा वेळ बोटांनी मांडीवर गोल फेरे घेत राहिली. “त्यो तितं किती येळ थांबतोय?”

मी म्हटलं, “आत्या, तू थांबतेस तिथं. प्रत्येक ओवीला. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.”

“आरं, तितं घास घालायचा असतोय न्हवं का जात्यात? हात गुतला की आवाज थांबतोय.” ती म्हणाली. “तू कशाला थांबतोयस? तुज्या पेटीला कुठं जुंधळा लागतोय?”

भाचा हसत सुटला. मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि या वेळी दगडाची घरघर ऐकली. ग वर ती दर वेळी बदलत होती. दाणे पडायच्या आधी खरखरीत, पडल्यावर जड. त्या जागेवर माझी चाल अजून अडलेली आहे.